तात्यांचा टायर ठरेना

माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत व्हायला लागलेत ही बातमी मला तात्या निगवेकरांनी दिली. तीसुद्धा मी ऑफिसला उशीर झाला म्हणून जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत असताना. मंगळवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हे गृहस्थ माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात दहा रुपयांचं नाणं. ते टायरच्या खाचेत उभं घालून एक डोळा मिटून बघतायत.

“वैनी, ह्या टायरावर तुम्ही जयसिंगपूरला जाता?”

“रोज जाते, तात्या. बाजूला व्हा, सव्वानऊ झाले.”

“आणि परत बी येता?”

आता याला काय उत्तर द्यायचं? जयसिंगपूरच्या बँकेत माझी नोकरी, जाणं-येणं रोजचं, आणि संध्याकाळी मी याच माणसासमोर गाडी लावत होते. पण मी मूर्ख. गप गाडीत बसून निघून जायचं सोडून मी विचारलं, “मग कुठले टायर घेऊ?”

तात्या उठले. नाणं खिशात टाकलं, पायजम्याला हात पुसले आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्याकडं मुलगी दाखवायला आणली होती. म्हणाले, “अजून सात-आठ महिनं निघतील ह्यावर. तवर तोलून बघूया की.”

झालं. तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो झाला.

“तोलून बघूया की” हे तात्यांचं पालुपद. सगळा जन्म वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेलेला. बाजारात फिरायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं निघालं की जप्त करायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तात्या मंडईत शिरले की भाजीवाल्या आपोआप पारडं सारखं करायच्या. खिशाला कायम दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, “रद्द करायला.” 

त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू. गोऱ्या, ठेंगण्या आणि नवऱ्यापेक्षा दसपट शहाण्या. त्या सांगायच्या, “मला बघायला आलते तवा ह्यांनी मला सोडून बाकी समदं तपासलं. चहाचा कप उलटा करून खाली काय लिवलंय ते वाचलं बगा. चहा सांडला सतरंजीवर.” तात्या यावर जराही लाजायचे नाहीत. कप चांगल्या कंपनीचा होता असं सांगायचे.

तर ह्या माणसानं टायरचं रजिस्टर घातलं. चांगलं जाड, लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीचं. त्यात रकाने पाडले: पाऊस, ऊन, घाट, खड्डा, आवाज, ब्रेक. मी म्हटलं, माझ्या एका गाडीसाठी एवढं? तर म्हणाले, “तुमच्या एकटीसाठी न्हाई. माझ्या बी गाडीला घालायचीत. मनीकडं जायाचंय की आमाला.”

मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. दिलेली वैभववाडीला, म्हणजे गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरून खाली. तात्यांनी निवृत्त झाल्यावर उंच, दणकट गाडी घेतली ती खास त्यासाठी, की मनात आलं की घाट उतरायचा आणि लेकीला भेटून यायचं. मनीषाचं पहिलं बाळंतपण कोल्हापुरातच झालं. मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं ईरा. चार महिने ती पोर आमच्या बिल्डिंगमध्ये रडली, हसली, सगळ्यांच्या मांडीवर फिरली. मग जावई आला आणि दोघींना घेऊन गेला. जाताना मनीषा बापाला म्हणाली, “बाबा, माझी शाळा आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, मला आता येणं व्हायचं नाही. तुम्हीच यायचं.” तात्या म्हणाले, “येतो की. टायर तेवढा ठरू दे.”

टायर ठरू दे! त्या दिवसापासून महिन्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडायचं आणि माझं डोकं उठायचं. काकू आपल्या पिशव्या भरून वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खाजगी जीपनं, एकट्या जायच्या. तात्या त्यांना रिक्षानं रंकाळा स्टँडपर्यंत सोडायचे आणि तिथून परत यायचे. “घरात सोन्यासारखी गाडी असताना वडापच्या जीपनं का जायचं माणसानं? टायर ठरला की दोघं जाऊ,” असं वर सांगायचे. नात रोज रात्री मोबाईलवर बघायचे.

शाहूपुरीतला टायरवाला तर तात्या लांबून दिसले की आत गोडाऊनमध्ये पळायचा. एकदा मी सोबत होते. तात्यांनी रॅकवरचे टायर एक एक करून खाली उतरवायला लावले. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात तो तयार झाला ते सांगणारे. तात्या गुडघ्यावर बसून ते आकडे वाचणार, वहीत उतरवणार आणि मग नाकाजवळ नेऊन रबर हुंगणार.

“पावणं, ह्ये जुनं हाय.”

“अवो तात्या, परवाच्या गाडीनं आलंय!”

“गाडीनं परवा आलं आसंल. जन्मलंय कवा ते बगा की.”

टायरवाल्यानं कपाळावर हात मारला. “तुम्हाला टायर पायजे का जन्मदाखला?”

तात्या शांतपणे म्हणाले, “दोन्ही.” आणि त्या दिवशीही काही न घेता आम्ही बाहेर पडलो. मी माझी अर्ध्या दिवसाची रजा त्या माणसाच्या पायी घालवली होती.

कंटाळून एकदा मी म्हटलं, “तात्या, सरळ ऑल सीझन घेऊन टाकूया ना. नावातच आहे, सगळ्या ऋतूंना चालतो.”

हे मी बोलायला नको होतं. तात्यांना अगदी अंगात आल्यासारखं झालं. “कुणाचं सगळं सीझन? आँ? बर्फ पडतोय का आपल्यात पंचगंगेला? आपलं सीझन कुठलं? उन्हाळा, पावसाळा आणि ऊस!” मग त्यांनी रजिस्टर उघडून नवा रकाना पाडला. त्यावर लिहिलं, ऊस.

आता हे चिडण्यासारखं असलं तरी खोटं नव्हतं. कारखान्यांचं गळीत सुरू झालं की आमच्याकडचे रस्ते रस्ते राहत नाहीत. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शेतातून वर येतात, चाकांना चिकटलेली काळी माती ढेकळा-ढेकळांनी डांबरावर पाडत जातात. वरून उसाचं वाळकं पाचट पडतं. पहाटेच्या दवानं ते भिजलं की ब्रेक दाबून बघावा. मी रोज त्यातूनच जात होते. तात्यांचं म्हणणं, हायवेचा टायर गप्प चालतो, पेट्रोल वाचवतो, पण मातीवर लोळतो. मोठ्या खाचांचा टायर मातीत मर्द, पण डांबरावर आला की कोकलतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला उशिरा थांबतो. आणि मधला म्हणून जो विकतात तो कुठं उतरतो ते कंपनीलाच माहीत नाही.

कंपनीला विचारायला म्हणून त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, माझ्याच घरात बसून. पलीकडं कुठल्या तरी लांबच्या शहरातली मुलगी.

“म्याडम, आपका टायर ऊसपे चलता है क्या?”

“सर, किस पे?”

“ऊस, ऊस! गन्ना! रस्तेपे गन्ने का पाला पडता है, उसपे ब्रेक लगता है क्या?”

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती गरीब बिचारी म्हणाली, “सर, हमारा टायर सभी मौसम के लिए है।” तात्यांनी फोन ठेवला, लाल पेन काढलं आणि त्या टायरच्या ओळीवर लिहिलं, रद्द. मी माथा बडवून घेतला.

यानंतर तात्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दारावर थापा. उघडते तर तात्या, हातात मोजायची टेप. खाली पार्किंगमध्ये नेलं. त्यांचा धाकटा भाऊ कोडोलीला शेती करतो. त्याच्या रानातून तात्यांनी दोन पोती काळी माती आणि पाचटाचा भारा आणला होता आणि गेटपासून नोटीस बोर्डापर्यंत छान पसरून त्यावर पाण्याचा सडा मारला होता. काकू वरून गॅलरीतून ओरडत होत्या, “अवो, बिल्डिंगमधली माणसं मारतील तुमाला!”

“वैनी, गेटातनं या, वीसनं या, आणि मी हात केला की ब्रेक दाबा. किती घसरतीय ते मोजतो.”

“माझी का? तुमची काढा ना गाडी!”

“तुमची टायरं झिजल्यात. झिजल्यालं टायर खरं बोलतंय.”

मला नाही म्हणता आलं नाही. माझी चूक. गाडी आणली, तात्यांनी हात केला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. अगदी सावकाश, लोण्यावरून गेल्यासारखी, तिरकी होत तात्यांच्या अगदी जवळून बाजूला गेली आणि नोटीस बोर्डावर धडकली. पाणीपट्टीची नोटीस बॉनेटवर येऊन पडली.

मी दार उघडून तोंडाला येईल ते बोलणार होते. पण तात्यांकडं बघितलं आणि बोलायचं राहिलं. टेप हातातून गळून पडलेली. तोंड पांढरंफटक. ते भिंतीला धरून जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात थरथर कापत होते. काकू वरून धावत आल्या, नवऱ्याला धरून वर घेऊन गेल्या, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, गाडी अंगावर येईल म्हणून म्हातारा घाबरला. बोर्ड मी माझ्या खर्चानं दुरुस्त करून घेतला आणि सेक्रेटरीची बोलणीही मीच खाल्ली. तात्या तिसऱ्या दिवशी परत चाकाशी उकिडवे.

मे महिन्यात माझा धीर सुटला. तात्यांना न सांगता जयसिंगपुरातच बँकेतून जेवणाच्या सुट्टीत गेले, दुकानदार म्हणाला हा चांगला आहे, मी म्हटलं घाला. चारही टायर बसवून परत येऊन मी डबासुद्धा खाल्ला. एवढ्याच वेळाचं काम होतं हे!

तात्यांनी त्या संध्याकाळी नवे टायर बघितले आणि तडक वर गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी गाडीपाशी उभे होते. “बघितलं मी,” म्हणाले. “एवढं वाईट न्हाय. पर उसात मार खातंय ह्ये.” मी म्हटलं, “तात्या, माझे तर खाऊ देत मार. तुमचं काय? तुम्ही कधी घालणार?” तर म्हणाले, “दोनावर आलंय आता. तोलून बघूया की.”

त्याच सुमाराला त्यांनी रंकाळा स्टँडवरच्या वडापवाल्यांचा सर्व्हे केला. ही माणसं रोज घाट चढतात-उतरतात, त्यांना टायरचं खरं माहीत, असं त्यांचं तर्कशास्त्र. काकू ज्याच्या जीपनं जायच्या तो बापू नावाचा ड्रायव्हर, पानानं तोंड लाल, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. तात्यांनी त्याच्या जीपला एक फेरी मारली आणि किंचाळलेच. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर होते, त्यातला एक तर जुनाच टायर वरून नवं रबर चढवलेला.

“आरं ह्ये काय रं बापू? ह्यात बसणाऱ्यालाच दंड केला पायजे!”

“तात्या, तुमची घरची लक्ष्मी ह्यातच बसती बगा,” बापू म्हणाला आणि पचकन बाजूला थुंकला. तात्यांनी रजिस्टरात बापूच्या जीपचा नंबर लिहिला आणि त्यावर लाल पेनानं दोनदा लिहिलं, रद्द, रद्द.

गणपती झाले. ईराचा पहिला वाढदिवस पंधरा दिवसांवर आला. काकू वाढदिवसाची आधीची तयारी म्हणून चार दिवस जाऊन आल्या. आल्या त्या दुपारी माझ्याकडं बसल्या होत्या. मी चहा टाकला. काकू चहा न पिता नुसता कप धरून बसल्या.

“मनीनं पोरीला विचारलं, आजी कुठाय? तर माझ्याकडं हात केला. बाबा कुठाय? तर बाबाकडं. आजोबा कुठायत?” काकूंनी कप खाली ठेवला. “तर टेबलावर मोबाईल चार्जिंगला लावल्याला व्हता वैनी. त्याच्याकडं बोट केलं तिनं. फोन बंद व्हता. तरीबी त्याच्याकडंच.”

“तात्यांना सांगितलंत?”

“सांगितलं की. ऐकलं आन खाली गेल्यात.”

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम उसळून आलं. मी तशीच खाली गेले. हा माणूस आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसलेला होता. नाणं नाही, रजिस्टर नाही, नुसता टायरवर तळहात ठेवून बसलेला.

“तात्या, आता बास झालं!” मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. “लाज नाही वाटत? नात तुम्हाला मोबाईलमध्ये शोधतीय आणि तुम्ही इथं रबर चाचपताय! आज जा, आत्ता जा, मिळेल तो टायर घाला आणि जा! कसला अभ्यास करताय? कुणाला फसवताय?”

तात्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “टायरात काय न्हाय, वैनी.”

“मग?”

“गेल्या साली श्रावणात मनीला बाळंतपणाला आणाय गेलतो. हीच गाडी, हीच टायरं. वर चढून येताना धुकं व्हतं. ब्रेक मारला तर गाडी माझं ऐकंना. सरळ कठड्याकडं गेली. कठड्याला घासून थांबली. कुणाला काय झालं न्हाय.” त्यांनी टायरवरचा हात काढला. “पर मागं मनी बसलीती. सातव्या महिन्याची. ती ओरडली बी न्हाय. दोन हातांनी पोट धरून बसलीती, आरशात दिसलं मला. तवापासनं गाडीत बसलो की तेवढंच दिसतंय. हात कापत्यात. चावी फिरवता येत न्हाय.”

मी तिथंच पायरीवर बसले. वर्षभर मी या माणसावर चिडत होते. म्हणजे चिडण्यासारखं त्यानं केलंच होतं, ते मी मागं घेत नाही. पण काकूंनी कधी एका शब्दानं सांगितलं नाही, आणि मला तो नोटीस बोर्डाचा रविवार आठवला आणि माझीच मला शरम वाटली. जन्मभर दुसऱ्याची वजनं तपासलेला माणूस, आपल्याला भीती वाटते एवढं वाक्य त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं शंभर पानांचं रजिस्टर भरलं.

“मी सोडते,” मी म्हटलं. “माझ्या गाडीनं. तुम्ही आणि काकू मागं बसा. वाढदिवसाला मी नेते आणि मी आणते.”

तात्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळे ओले होते, पण चष्म्याच्या वरूनच बघितलं. म्हणाले, “तुमच्या टायराचा अभ्यास केल्याला हाय मी. त्यापरीस वडाप बरं.”

असला माणूस! मला हसावं का त्याच्या डोक्यात रजिस्टर घालावं कळेना.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दोघांना रंकाळा स्टँडवर सोडलं. काकूंनी नवं लुगडं नेसलेलं, मांडीवर बुंदीच्या लाडवांचा डबा. तात्यांच्या काखेत फ्रॉकचा खोका. रजिस्टर घरी होतं, खिशाला पेनही नव्हतं. बापूची जीप भरत आली होती. चार चाकं, चार कंपन्या, सगळं जसंच्या तसं.

मी मुद्दाम गाडीतून उतरून बघत उभी राहिले. तात्या जीपपाशी आले आणि मान वर करून आभाळाकडं बघायला लागले. आभाळात काहीही नव्हतं. पायाखाली न बघता ते चाचपत चाचपत चढले. चढताना त्यांचा हात दांड्याला धरलेला मला दिसला. कापत होता. काकूंनी खालून त्यांच्या कोपराला आधार दिला आणि धाडदिशी आत ढकललं. ते खिडकीशी बसले.

बापूनं आरशातून बघितलं आणि दात काढले. “तात्या, टायर बघायचं न्हाय का?”

“गप चल की,” तात्या म्हणाले.

जीप सुरू झाली. तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. काकूंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन त्यावर लाडवांचा डबा ठेवला. मी हात हलवला. जीप वळली तेव्हा तात्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गाडीकडं. आणि खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून स्टँडभर ऐकू जाईल असं ओरडले,

“वैनी! मागचं डावं बघा! हवा उतरलीय!”

वाढदिवस झाला, दिवाळी झाली, तात्या परत आले नाहीत. लेकीच्या घराशेजारीच दोन खोल्या घेऊन दोघं राहिलीत. काकू एकदा येऊन भांडी घेऊन गेल्या. पोर आता आजोबांना क्षणभर सोडत नाही म्हणाल्या. त्यांची ती उंच गाडी आमच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे, त्याच जुन्या टायरांवर.

पण त्या सकाळी जीप दिसेनाशी झाल्यावर मी गाडीत बसले आणि चांगली चिडले. आयुष्यात पहिल्यांदा नातीच्या वाढदिवसाला चाललेला माणूस, जीव मुठीत धरून बसलेला, आणि त्याला माझं चाक दिसतं! हवा कसली उतरतीय, नवे टायर आहेत, असं म्हणत मी ऑफिसच्या रस्त्याला लागले. मग हायवेला लागण्याआधी मुकाट्यानं पंक्चरवाल्याकडं थांबले. त्यानं मागच्या डाव्या टायरातून बोटाएवढा खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला.